मँड्रेल सेव्हरचा दहा महिन्यांचा अनुभव : लाकडी पेने कातताना होणारी थरथर आणि तापणारे लाकूड

मँड्रेल सेव्हर या नावाने विकले जाणारे, लेथच्या (लाकूड फिरवून कातायच्या यंत्राच्या) टेलस्टॉकमध्ये, म्हणजे उजवीकडच्या सरकत्या आधारात, बसणारे पोकळ फिरते सेंटर (काम टोकाकडून टेकवून धरणारा शंकू) मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर विकत घेतले आणि तेव्हापासून लाकडी पेने कातण्यासाठी तेच वापरत आहे. गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या घराच्या पडवीत, बाकावर बसवलेल्या एका छोट्या लेथवर हे काम चालते. मत्ती, फणस, शिसव, चिंच, बकुळ आणि माड अशी आपल्याकडची सहा लाकडे या काळात त्यावर कातून झाली. मृगाच्या ओल्या हवेपासून चैत्राच्या उकाड्यापर्यंत सगळे ऋतू त्याने पाहिले, त्यामुळे आता त्याविषयी ठामपणे लिहिता येईल असे वाटते. वस्तू चांगली आहे, पैसे वसूल करून देणारी आहे. पण ती ज्या दोषावरचा इलाज म्हणून विकली जाते, त्या दोषाचे एकच कारण तिच्या आवाक्यात आहे.

आधी तो दोष कोणता ते सांगितले पाहिजे. नवशिके कारागीर सहसा स्लिमलाइन प्रकारच्या पेनापासून सुरुवात करतात. त्यात सुमारे ५३ मिलिमीटर लांबीच्या दोन पितळी नळ्या असतात, त्यांचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर असतो, आणि त्या लाकडाच्या दोन तुकड्यांना आरपार भोक पाडून आत चिकटवायच्या असतात. नंतर हे दोन्ही तुकडे पोलादी बुशांसह (टोकांना बसणाऱ्या कड्यांसह) मँड्रेलच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या टोकाला बसवलेल्या बारीक, दांड्यावर ओवायचे, टोकाला पितळी नट आवळायचा, टेलस्टॉकचे सेंटर दांड्याच्या टोकाला टेकवायचे आणि कातायला सुरुवात करायची. माझी पहिली बरीच पेने याच पद्धतीने झाली आणि जवळजवळ प्रत्येकावर मळसूत्रासारख्या तिरक्या, बारीक रेघा उमटल्या. पटाशी लावली की लेथ कर्कश ओरडायचे, हाताला झिणझिण्या यायच्या, आणि पेन जुळवल्यावर बोट फिरवून पाहिले तर धातूच्या कड्याशी लाकूड एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खोल लागायचे, म्हणजे काम गोल न होता लंबगोल होत होते. या थरथरीला कारखान्यांत चॅटर म्हणतात आणि तोच शब्द मीही पुढे वापरतो.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत अनेक वर्षे फिटर म्हणून काम केलेले आमचे एक शेजारी आहेत. त्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो. एका संध्याकाळी त्यांनी लेथ बंद करायला लावले, दांड्याच्या मध्यावर डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारा मापक) टेकवला आणि मला टेलस्टॉकचे चाक हळूहळू आवळायला सांगितले. सेंटर नुसते टेकलेले असताना दांडा हाताने फिरवला तर सुई जेमतेम हलत होती. मी रोज आवळायचो तितके आवळल्यावर मात्र ती एका फेऱ्यात पंधरा-सोळा रेघा इकडून तिकडे जाऊ लागली, आणि त्या गेजची एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर. “लाकूड हलत नाही, तुमचा दांडा वाकतो आहे,” असे भाई म्हणाले.

हे असे का होते, ते एकदा समजून घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. या मँड्रेलचा दांडा साधारण ६.२ मिलिमीटर जाडीचा असतो. ७ मिलिमीटरच्या नळीत तो शिरायला हवा, म्हणून त्याहून जाड करता येत नाही. गोल दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि बाजूने दिलेल्या दाबाखाली तो किती वाकेल हे लांबीच्या तिसऱ्या घातावर ठरते. दोन तुकडे एकदम ओवले की आधाराविना राहणारी लांबी बारा-तेरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. त्यात टेलस्टॉकने टोकाकडून रेटा दिला की दांडा धनुष्यासारखा किंचित बाक धरतो, आणि तो बाक दर फेऱ्याला पटाशीसमोर येऊन जातो. पटाशी एकदा जास्त घेते, एकदा कमी घेते, दांडा उसळी मारतो आणि लाकडावर रेघ उमटते. जाडी वाढवता येत नसेल तर हाती दोनच उपाय उरतात : टोकाकडचा रेटा काढून टाकणे आणि लांबी कमी करणे.

मँड्रेल सेव्हर पहिला उपाय करते. हे सेंटर आतून पोकळ असल्यामुळे मँड्रेलचा दांडा त्याच्या पोटात शिरतो आणि सेंटरचा ६० अंशांचा शंकू दांड्याला न टेकता थेट शेवटच्या बुशावर टेकतो. टेलस्टॉकचा दाब त्यामुळे बुश आणि लाकडाच्या तुकड्यांवर येतो, दांडा केवळ त्यांना ओळीत धरून ठेवतो. पितळी नटाची गरजच राहत नाही. सरकवून लांबी बदलता येणारा दांडा असेल तर दुसरा उपायही त्याच बैठकीत साधतो, कारण दोनऐवजी एकच तुकडा ओवून सेंटर पुढे आणता येते. लांबी निम्मी झाली की तेवढ्याच दाबाखालचा बाक एक अष्टमांश होतो. मी आता नेहमी एकेकच तुकडा काततो. वेळ थोडा जास्त जातो, पण माझ्या मते चॅटरवरचा हा सर्वांत स्वस्त इलाज आहे आणि तो मँड्रेल सेव्हर नसतानाही करता येतो : रिकाम्या जागेत जुने बुश भरण्याऐवजी दांडा आत ढकलून आखूड करावा, एवढेच.

नवे सेंटर लावून भाईंनी तीच मोजणी पुन्हा केली. टेलस्टॉक पूर्वीइतकाच आवळूनही सुई चार-पाच रेघांच्या पुढे गेली नाही. त्या आठवड्यात कातलेल्या फणसाच्या दोन पेनांवर लाकूड आणि धातू यांचा सांधा बोटाला पहिल्यांदाच जाणवला नाही, आणि मला झालेला आनंद घरातल्या सगळ्यांना ते पेन चाचपून पाहायला लावण्याइतका होता.

तिसऱ्या पेनावर मात्र रेघा परत आल्या. येथून पुढचा अनुभव या वस्तूच्या जाहिरातीत लिहिलेला नसतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. नळी चिकटवल्यानंतर लाकडाचे टोक नळीला अगदी काटकोनात घासून घ्यावे लागते; त्यासाठी बॅरल ट्रिमर नावाचे हत्यार मिळते. माझ्या ट्रिमरची धार गेली होती आणि टोक एका बाजूला किंचित उंच राहिले होते. अशा टोकावर बुश सपाट बसत नाही, आणि सेंटरने दाब दिला की तो बुश तिरका होऊन दांड्यालाही आपल्याबरोबर ओढतो. मँड्रेल सेव्हरमुळे दाब थेट बुशावर येत असल्याने टोकाचा तिरकेपणा येथे लपत तर नाहीच, उलट अधिक जाणवतो. ट्रिमरची पाती घासून घेतली, टोकावर पेन्सिलीने काळे केले आणि सगळे काळे निघून पितळ चकाकेपर्यंत छाटले. तेव्हा कुठे त्या रेघा गेल्या. टोक काटकोनात नसेल तर हे सेंटर विकत घेऊन काही उपयोग नाही, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

रेघा कुठे उमटतात ते पाहूनही बराच उलगडा होतो. मध्यभागी जास्त आणि टोकांकडे कमी असतील तर दोष बहुधा दांड्याच्या वाकण्याचा असतो. सगळीकडे सारख्या असतील तर पटाशीची धार, टूल रेस्टचे (पटाशी टेकवायच्या आधाराचे) अंतर किंवा हाताचा दाब तपासावा : टूल रेस्ट लाकडापासून दोन-तीन मिलिमीटरवर असावा, पटाशीचा उतार लाकडावर टेकलेला असावा, आणि भुसा उडण्याऐवजी सालपटे निघावीत. केवळ हेडस्टॉककडच्या (लेथच्या मोटरकडच्या) टोकाला रेघा असतील तर स्पिंडलचे (फिरत्या कण्याचे) बेअरिंग सैल आहे का, किंवा मँड्रेलचा टेपर (निमुळता भाग) बसतो त्या जागी भुशाचा कण अडकला आहे का, हे पाहावे. आणि वेग बदलून पाहणे कधीही विसरू नये, कारण ठरावीक वेगाला लेथ, त्याखालचा बाक आणि दांडा एकाच लयीत थरथरतात. माझे लेथ मिनिटाला २,००० फेऱ्यांजवळ असे करते. वेग थोडा वर किंवा खाली नेला की आवाज थांबतो. बाकाखाली वाळूची पोती ठेवल्यावर तोही त्रास बराच कमी झाला.

आता उष्णतेविषयी. मँड्रेल सेव्हर विकणारे उष्णतेचा उल्लेख करत नाहीत, तरी माझ्या दृष्टीने या सेंटरचा सर्वांत मोठा लाभ तेथेच झाला. चॅटरच्या रेघा पडल्या की आपण पटाशी बाजूला ठेवतो आणि पॉलिश पेपर हाती घेतो. रेघेचा तळ गाठेपर्यंत जाडसर पेपरने घासत राहतो, तेही बहुतेक वेळा कातण्याच्याच वेगावर, लेथ हळू करण्याचा कंटाळा येतो म्हणून. पेपर तापतो, लाकूड तापते, आतली पितळी नळी ती उष्णता धरून ठेवते, आणि रात्री नीट दिसणाऱ्या पेनावर सकाळी लाकडाच्या तंतूंच्या दिशेने केसासारखी भेग दिसते. थरथर आणि ताप या मला आधी दोन वेगळ्या तक्रारी वाटत होत्या. प्रत्यक्षात पहिलीतूनच दुसरी निघते. रेघाच उथळ राहिल्या तर १२० नंबरच्या पेपरची गरज पडत नाही, २४० पासून सुरुवात करता येते आणि घासण्याचा वेळ कितीतरी कमी होतो.

भेगेचा दोष पुष्कळदा पितळाच्या प्रसरणाला दिला जातो, पण हिशेब करून पाहिला तर तो फारसा पटत नाही. ७ मिलिमीटर व्यासाची पितळी नळी ५० अंश सेल्सिअसने तापली तरी तिचा व्यास ०.००७ मिलिमीटरहून कमी वाढतो. उलट लाकडातला ओलावा तीन टक्क्यांनी उतरला, तर वर्षवलयांच्या दिशेने ते सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण टक्का आकसते. ७ मिलिमीटरच्या भोकासाठी हे प्रमाण पितळाच्या प्रसरणाच्या पाच ते आठ पट भरते. नळी आत घट्ट बसलेली असल्यामुळे लाकडाला आकसायला जागा नसते आणि ते फुटते. गोव्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवे. आषाढ-श्रावणात पडवीत ठेवलेले लाकूड हवेतली ओल शोषून बसलेले असते. ते तसेच भोक पाडून, चिकटवून कातायला घेतले की घर्षणाच्या उष्णतेने काही मिनिटांत वरचा पातळ थर सुकतो. माझ्या सर्वाधिक भेगा पावसाळ्यातल्या आहेत. आता तुकडे झाकणाच्या डब्यात, तांदूळ भाजून गार करून त्यांच्या पुरचुंडीसह ठेवतो आणि भोक पाडल्यावर लगेच नळी न चिकटवता दोन-तीन दिवस थांबतो, म्हणजे जे आकसायचे ते आधीच आकसून जाते.

उष्णता वाईटच असते असे मात्र नाही. लहानपणी आम्ही सावंतवाडीला नातेवाइकांकडे जात असू, तेव्हा चितारी कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून धरताना मी तासन्‌तास पाहिले आहेत. घर्षणानेच लाख वितळते आणि लाकडावर रंगाचा अखंड, चकचकीत थर चढतो; वेगळा विस्तव लागत नाही. गोव्यात कुंकळ्ळीलाही ही कला आहे. पेनावर शेवटी लावतात ते फ्रिक्शन पॉलिश याच तत्त्वावर चालते, कारण त्यातही लाख असते आणि दाबाने निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच ते बसते. फरक इतकाच की चितारी कारागिराचा हात कांडी कधी उचलायची ते जाणतो. मी पॉलिश लावताना कागदी रुमालाचा लहान तुकडा वापरतो, कापड कधीच नाही, कारण कापड दांड्यात गुंतले तर बोट जाऊ शकते. पाच-सहा सेकंद दाब देतो आणि सोडतो. पॉलिश पेपर चालवताना लेथ ८०० फेऱ्यांच्या आत ठेवतो, दर नंबरानंतर लेथ थांबवतो आणि बुशाला बोट लावून पाहतो. बोट तीन-चार सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर चहा प्यायला उठतो. नळी इपॉक्सीने चिकटवलेली असेल तर हे आणखी गरजेचे आहे, कारण साधे इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि नळी आतल्या आत सरकते.

मँड्रेल सेव्हर वापरताना उष्णतेचे एक नवे कारणही मला सापडले. सेंटरचा दाब फार कमी ठेवला तर पटाशीचा जोर पडताच लाकूड दांड्यावर घसरते; दांडा फिरत राहतो, लाकूड मागे पडते आणि बुशांच्या आत घर्षण होऊन ते चटका बसण्याइतके तापतात. दाब फार जास्त ठेवला तर सेंटरचे बेअरिंग तापते. लेथ बंद असताना लाकूड हाताने पिळून पाहावे. ते घसरत नाही इतपतच दाब असावा आणि त्यापुढे चाक पाव फेराही आवळू नये. हे प्रमाण हाताला समजायला मला दोन आठवडे लागले.

लाकडांपैकी मत्ती आणि फणस यांनी काहीच त्रास दिला नाही. मत्ती हा गोव्याचा राज्यवृक्ष. माझ्याकडचे तुकडे पाडलेल्या जुन्या घराच्या वाशांचे आहेत, पुरते सुकलेले, आणि त्यांवर नव्या सेंटरने रेघ जवळजवळ उमटलीच नाही. फणसाच्या पिवळ्या लाकडाबाबत एवढेच सांगतो की पॉलिश पेपर बुशावर घासला गेला तर पोलादाची काळी भुकटी त्याच्या रंध्रांत शिरते आणि निघत नाही. शेवटचे घासणे बुश काढूनच करावे. चिंच आणि शिसव मधल्या पायरीवर. बकुळीचे लाकूड जड आणि अतिशय घट्ट आहे, त्यात भोक पाडतानाच ते करपल्याचा वास येतो, आणि येथे मँड्रेल सेव्हर काहीही मदत करत नाही, कारण भेगेचे बीज कातण्याच्या आधीच पडलेले असते. ७ मिलिमीटरचे बिट धारदार असावे, वेग ५०० ते ६०० फेऱ्यांचा ठेवावा, दर पाच-सहा मिलिमीटरला बिट पूर्ण बाहेर काढून खाचांतला भुसा झटकावा आणि तुकडा गरम लागला की दुसरा हाती घ्यावा.

माडाच्या लाकडाने मात्र या सेंटरची खरी परीक्षा घेतली. मऊ गरात कठीण, गडद धागे उभे रोवलेले असावेत अशी त्याची घडण असते, त्यामुळे पटाशीला क्षणाक्षणाला मऊ आणि कठीण असे आलटून पालटून लागते. चॅटर व्हायला याहून अनुकूल लाकूड नसेल. धारही फार लवकर जाते. झाडाच्या बाहेरच्या भागातला, धागे दाट असलेला तुकडा निवडला, पातळ सुपरग्लू जिरवून गर कठीण केला, दर तीन-चार मिनिटांनी पटाशीला धार लावली आणि एकेक तुकडाच ओवला, तेव्हा निर्दोष पेन निघाले. जुन्या नटाच्या पद्धतीने माडाचे एकही पेन मला साधले नव्हते. माझ्या मते या सेंटरची किंमत या एका लाकडावरच वसूल झाली.

बनावटीत उणिवा आहेत. मला मिळालेल्या नगाच्या पोकळीच्या कडेवर धातूचा खरखरीत काठ राहिला होता आणि दांडा आत जाताना त्यावर ओरखडे उठत होते. भाईंनी तो गोल कानशीने काढून दिला. विकणाऱ्याला कळवले, उत्तर आले नाही. पोलादाला गंजरोधक मुलामाही नाही, त्यामुळे पहिल्या पावसाळ्यातच टेपरवर तांबूस ठिपके आले, आणि गंजलेला टेपर टेलस्टॉकमध्ये नीट बसत नाही, म्हणजे ज्या डगमगीवर इलाज म्हणून वस्तू आणली तीच परत येते. काम झाले की सेंटर काढून, पुसून, मशीन ऑइलचा हात फिरवून फडक्यात गुंडाळून ठेवतो. बेअरिंग दहा महिन्यांनंतरही बिनआवाजी आहे. पोस्टखर्चासह मला सुमारे १,८०० रुपये पडले.

यापेक्षा अचूक पद्धत आहे, ती म्हणजे दांडा पूर्णपणे वगळून दोन ६० अंशांच्या सेंटरांमध्ये खास बुश धरून कातणे. त्यात वाकायला काहीच उरत नाही. पण प्रत्येक प्रकारच्या पेनासाठी वेगळे बुश लागतात आणि सतत वेगवेगळी पेने करणाऱ्याला ते महाग पडते. महिन्याला चार-पाच पेने, तीही एक-दोन प्रकारांची, असे काम असेल तर मँड्रेल सेव्हर पुरेसे आहे. विक्रीसाठी काम करणाऱ्याने थेट दुसरी पद्धत धरावी. आणि ज्याच्याकडे अजून पटाशी घासायला बरा दगड नाही किंवा ट्रिमरला धार नाही, त्याने हे १,८०० रुपये आधी त्यावर घालावेत.

घेण्यापूर्वी आपल्या टेलस्टॉकचा टेपर पाहून घ्यावा. माझ्या लेथला मॉर्स टेपर (निमुळत्या भागाचे ठरावीक माप) नंबर २ चालतो. काही लहान लेथना नंबर १ लागतो आणि त्यात हे सेंटर बसत नाही. दांड्याची जाडी व्हर्नियरने मोजून पोकळीच्या मापाशी ताडावी, कारण मँड्रेल दोन जाडींत मिळतात. आणि आपल्या मँड्रेलचा दांडा सैल करून आत-बाहेर सरकतो याची खात्री करावी. पक्क्या बसवलेल्या दांड्याचे टोक पोकळीच्या तळाशी टेकले तर शंकू बुशापर्यंत पोहोचतच नाही, आणि तसे असल्यास सेंटरबरोबर सरकणारा दांडाही मागवावा लागेल.